कांद्याच्या मुळात पेशींचं जगणं आणि मरणं दाखवायचं कसं

कांदा जुना घ्या. नव्या काढणीचा, सालीला चमक असलेला कांदा आठ दिवस पाण्यावर ठेवला तरी मूळ धरत नाही, कारण काढणीनंतर काही काळ तो झोपेतच असतो. टोपलीच्या तळाशी राहून गेलेला, शेंड्याला हिरवा कोंब डोकावायला लागलेला कांदा या कामाला सोन्यासारखा. आमची मुलं आठवडी बाजारात कांदेवाल्या मावशींकडं मुद्दाम तसाच मागतात, "मावशी, कोंब आल्यालं द्या की." मावशींना आता माहीत झालंय. पावसाळा सुरू झाला की त्या असे चार-पाच कांदे बाजूला काढून ठेवतात.

कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या एका गावात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. एकोणीस वर्षं झाली. दहावीत 'जनुक' हा शब्द येतो तो वाटाण्याच्या रोपाची उंची आणि फुलाचा रंग घेऊन. त्यामुळं मुलांचा समज असा होतो की जनुकं जन्माच्या वेळी एकदा कामाला येतात आणि मग जन्मभर गप्प बसतात. हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. आपण जेवतो, झोपतो, उसात भांगलण करतो, तेव्हाही पेशीपेशीत जनुकांचं काम चालूच असतं. त्यातले दोन निर्णय सगळ्यात मोठे: आता दोन व्हायचं का, आणि आता मरायचं का. हे दोन्ही एका कांद्यात आणि शाळेच्या साध्या मायक्रोस्कोपखाली दाखवता येतं. मी ते कसं दाखवते ते इथं लिहिते. तुम्ही शिक्षक असाल, नाहीतर घरी विज्ञानाची आवड असलेलं पोर असेल, तर करून बघा.

मूळ वाढवणं

कांद्याच्या बुडाची वाळलेली जुनी मुळं ब्लेडनं हलक्या हातानं खरवडून काढा. खालची चकती मात्र दुखवू नका, नवी मुळं तिच्यातूनच फुटतात. काचेच्या पेल्याच्या तोंडावर कांदा असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. कांदा पाण्यात बुडाला की कुजतो आणि वर्गभर वास सुटतो. पाणी विहिरीचं असेल तर उत्तम. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा आणि रोज बदला. पेला अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. दोन ते चार दिवसांत पांढरीशुभ्र, दोन-तीन सेंटिमीटरची मुळं लोंबायला लागतात.

मुळं सकाळी कापायची. आम्ही प्रार्थना झाली की लगेच, आठ ते दहाच्या दरम्यान कापतो. दुपारी कापलेल्या मुळांत दुभंगणाऱ्या पेशी कमी सापडतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. टोकाकडचा एक सेंटिमीटर भाग पुरे.

आता रंग. बेळगावात शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत ॲसिटोकार्मिन मिळतं. वॉचग्लासमध्ये त्याचे नऊ थेंब आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब घ्या, त्यात मुळं टाका आणि स्पिरिटच्या दिव्यावर हलकेच गरम करा. उकळी येऊ द्यायची नाही. वाफ दिसली की बाजूला, थंड झालं की पुन्हा वर, असं पाच-सात वेळा. आम्लानं पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटा सैल होतो, आणि कार्मिननं गुणसूत्रं, म्हणजे जनुकं ज्यांच्यावर असतात ते केंद्रकातले धागे, लाल होतात. मग दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. दिवा आणि आम्ल शिक्षकांनीच हाताळावं. माझ्या पहिल्याच वर्षी एका मुलाच्या बोटाला आम्ल लागलं होतं. तेव्हापासून बाटली माझ्या हातातून खाली जात नाही.

मुळाकडं नीट पाहिलंत तर अगदी टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा भाग बाकीच्यापेक्षा गडद दिसेल. पेशी दुभंगतात त्या तिथंच. तेवढाच तुकडा काचपट्टीवर घ्या, बाकीचा टाकू नका, त्याचं काम पुढं आहे. तुकड्यावर पातळ ॲसेटिक आम्लाचा एक थेंब, वर कव्हरस्लिपची पातळ काच, आणि पेन्सिलीच्या मागच्या बाजूनं टकटक, टकटक. तुकडा ढगासारखा पसरला पाहिजे. शेवटी टिपकागद घडी करून वर ठेवायचा आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबायचं. अंगठा तिरका गेला, काच सरकली, की पेशी सुरळीसारख्या गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. मुलांच्या अर्ध्या काचपट्ट्या या एकाच पायरीवर बिघडतात, म्हणून मी आधी नुसत्या भाताच्या शितावर सराव करून घेते.

आमच्याकडं वीज कधीही जाते, म्हणून आरशाचा मायक्रोस्कोप मला जास्त भरवशाचा वाटतो. आरसा खिडकीतल्या उजेडाकडं वळवा, सूर्याकडं कधीही नाही. डोळा जाईल.

काय दिसतं

आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली चौकोनी, विटांसारख्या रचलेल्या पेशी शोधा. लांबट पेशी दिसल्या तर तुम्ही टोकापासून वर आला आहात. चौकोनी सापडल्या की मोठं भिंग लावा. बहुतेक पेशींत एक गोल लाल ठिपका असतो, म्हणजे केंद्रक शांत आहे. मधूनच एखाद्या पेशीत लोकरीचा गुंता विस्कटावा तसे धागे दिसतात, ती पूर्वावस्था. मध्यावर ओळीनं लागलेली गुणसूत्रं ही मध्यावस्था. दोन पंजे एकमेकांपासून दूर ओढले जावेत तशी पश्चावस्था. आणि दोन टोकांना दोन लहान लाल गोळे, मध्ये नवी भिंत उभी राहतेय, ती अंत्यावस्था. पूर्वावस्थेच्या पेशी सगळ्यात जास्त सापडतात, कारण तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. एखादी काचपट्टी फार छान पसरली तर गुणसूत्रं मोजताही येतात. कांद्यात ती १६ असतात.

इथं मी मुलांना एक गोष्ट सांगते. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं आहेत असं शास्त्रज्ञ कित्येक वर्षं धरून चालले होते. १९५६ मध्ये जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेवान यांनी पेशी नीट पसरवून गुणसूत्रं मोजली आणि ती ४६ निघाली. म्हणजे मोठमोठ्या लोकांचीही काचपट्टी बिघडत होती. हेच लेवान १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर रसायनांचा परिणाम तपासत होते. आपण करतोय ते काम त्यांच्याच वाटेवरचं आहे, हे कळलं की मुलं पेन्सिल जरा जपून आपटतात.

मग मोजणी. मायक्रोस्कोपच्या डोळ्याला मोबाइल लावून फोटो काढा आणि फोटोवर मोजा. डोळे दुखत नाहीत आणि भांडणं होत नाहीत. समजा २०० पेशी मोजल्या आणि त्यांतल्या १८ दुभंगताना सापडल्या, तर प्रमाण झालं शेकडा ९. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढं तो लागणार आहे.

मोजणी झाली की मुलांच्या डोक्यात आपोआप प्रश्न येतो. एकाच मुळात, शेजारी शेजारी बसलेल्या दोन पेशी. एक दुभंगतेय, दुसरी गप्प आहे. कुणी ठरवलं हे?

दोन व्हायचं का, हे ठरवणारी जनुकं

पावाच्या यीस्टपासून सुरुवात करा. लेलंड हार्टवेल यांनी यीस्टचे असे प्रकार शोधले जे दुभंगण्याच्या एका ठरावीक टप्प्यावर येऊन अडकत होते. प्रत्येक प्रकारात एकेक जनुक बिघडलेलं होतं. अशी शंभरहून जास्त जनुकं सापडली. पॉल नर्स यांना दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये असा प्रकार मिळाला की पेशी पूर्ण वाढण्याआधीच दुभंगायची आणि बुटकी राहायची. म्हणजे बिघडलेलं जनुक लगाम घालणारं होतं. आणि टिम हंट यांना सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन दिसलं, जे हळूहळू साठत जायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं व्हायचं. त्याला नाव पडलं सायक्लिन. सायक्लिन साठलं की ते एका कामकरी प्रथिनाला चालना देतं आणि पेशी पुढच्या टप्प्यात जाते. या तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १९८७ ची आहे. मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी हे कामकरी प्रथिन बनवणारं जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचं जनुक सोडलं, आणि यीस्ट पुन्हा दुभंगायला लागलं. पावातलं यीस्ट, वॉचग्लासमधला कांदा आणि बाकावरचं पोर, तिघांच्याही पेशींत दुभंगण्याचं यंत्र एकाच जुन्या घराण्यातलं आहे.

जनुक 'ठरवतं' म्हणजे काय, तेही सांगावं लागतं. जनुक स्वतः हलत नाही. ते प्रथिन कसं बनवायचं याचा मजकूर आहे, आणि काम करतं ते प्रथिन. मजकुरात एक अक्षर चुकलं तर प्रथिनाचा आकार बदलू शकतो, आकार बदलला की काम बिघडू शकतं.

आमच्या मुलांना ट्रॅक्टर पाठ असतो, म्हणून मी उदाहरण त्याचंच देते. ट्रॅक्टरला हातानं ओढून ठेवायचा ॲक्सिलरेटर असतो. तो ओढलेल्या जागी अडकला तर गाडी आपली धावत राहते. पेशीत 'रास' नावाचं जनुक असं आहे. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत सापडलं की या जनुकातलं एकच अक्षर बदललंय आणि त्याचं प्रथिन 'दुभंग, दुभंग' असा निरोप थांबवतच नाही. आणि ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल असतात, डावा आणि उजवा. पेशीतही लगाम घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक प्रत बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. दोन्ही गेल्या की मात्र धोका. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या एका कॅन्सरचा अभ्यास करताना आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये हा दोन घावांचा विचार मांडला, आणि पुढं ते जनुक सापडलं, त्याला आरबी म्हणतात. हे सांगितलं की मी एवढं नक्की जोडते: लहान बाळाच्या फोटोत बुबुळात पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा.

वर्गात पी-५३ बसवणं

पी-५३ हे प्रथिन १९७९ मध्ये सापडलं. त्याचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं असतं. हे नुसतं सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी एक खेळ घेते.

पहिल्या बाकावरच्या मुलाला कागद द्यायचा, त्यावर लिहिलेलं: 'शेतात ऊस उभा आहे'. त्यानं बघून नक्कल करायची आणि मागच्याला द्यायची, त्यानं त्याची नक्कल करायची, असं शेवटच्या बाकापर्यंत. प्रत्येक नकलेला तीस सेकंद, जास्त नाही. दर दोन बाकांमध्ये एक मुलगी उभी, ती पी-५३. तिनं नक्कल तपासायची. चूक दिसली तर हात वर करून सगळी ओळ थांबवायची आणि दुरुस्ती करून घ्यायची. तीनपेक्षा जास्त चुका असतील तर कागद फाडून टाकायचा. पेशीतही साधारण असंच होतं. मजकुराला इजा झाली की पी-५३ आधी पी-२१ नावाच्या प्रथिनाकरवी विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि इजा आवाक्याबाहेरची असेल तर पेशीला मरायला लावणारी जनुकं चालू करतं.

दुसऱ्या फेरीत पी-५३ च्या मुलींना खाली बसवा. कागद शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत 'ऊस' चा 'ऊर' होतो, 'उभा' चा 'उबा' होतो, आणि प्रत्येक चूक पुढच्या सगळ्या कागदांवर उतरत जाते. मागच्या वर्षी शेवटचा कागद फळ्यावर चिकटवला तेव्हा वर्ग आधी हसला आणि मग शांत झाला.

एक काळजी घ्या. कांद्यात पी-५३ नसतं. वनस्पतींत तसं काम करणारं वेगळंच प्रथिन आहे. मरणाच्या वेळी माणसाच्या पेशीत जी कापाकापी करणारी प्रथिनं चालू होतात, कॅस्पेस नावाची, तीही वनस्पतींत नसतात, त्यांची दूरची भावंडं असतात. दुभंगण्याचं यंत्र सारखं, मरण्याचं वेगळं. काचपट्टी दाखवता दाखवता "हे बघा पी-५३ चं काम" असं तोंडातून जाऊ देऊ नका. मीच पहिली दोन वर्षं ते म्हणत होते.

तंबाखूचं पाणी

आता तो शेकडा ९ चा आकडा काढा.

आमचा भाग तंबाखूचा. जानेवारी-फेब्रुवारीत शेतातून जाताना वाळत घातलेल्या तंबाखूचा वास घशाला लागतो. माझी आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. संध्याकाळी तिच्या लुगड्यातून धूळ झटकली की आम्ही भावंडं शिंकत सुटायचो. आणि सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मिसरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटानं दातांना लावायची. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा ती म्हणाली, चुना लागला असेल. चट्ट्याची जखम झाली, जखम भरेना, तेव्हा कुठं आम्ही दवाखान्यात गेलो. ऑपरेशननंतर आई चार वर्षं जगली, पातळ पेजेवर. मी तेव्हा 'पेशी' हा शब्द रोज फळ्यावर लिहीत होते.

म्हणून हा प्रयोग मी दरवर्षी करते. तंबाखू मुलांना आणायला सांगू नका. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, आणि प्रयोगासाठीसुद्धा ती मुलांच्या हातात जाऊ नये. मुख्याध्यापकांना सांगून मी स्वतः चमचाभर चुरा आणते आणि कुलपात ठेवते. हातमोजे घालून एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम चुरा रात्रभर भिजत ठेवायचा आणि सकाळी दुहेरी फडक्यातून गाळायचा. एक पेला या पाण्याचा, दुसऱ्यात हेच पाणी चौपट पातळ करून, तिसऱ्यात साधं पाणी. तिन्हींवर एकाच टोपलीतले, सारख्या आकाराचे कांदे. तंबाखूत निकोटिन असतं आणि ते कातडीतून अंगात जातं, त्यामुळं पेल्यांना मुलांनी हात लावायचा नाही. पट्टी बाहेरून धरून मुळांची लांबी रोज मोजायची.

तीन-चार दिवसांत फरक डोळ्यांनी दिसतो. साध्या पाण्यातली मुळं दाढीसारखी लोंबतात, तंबाखूच्या पाण्यातली आखूड, पिवळट, टोकाला जाड. काचपट्टी करून मोजलं की दुभंगणाऱ्या पेशींचं प्रमाण घसरलेलं मिळतं. शोधत बसलात तर कुठं गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली, कुठं पश्चावस्थेत दोन पंज्यांच्या मध्ये पूल राहिलेला. असा पूल सापडायला कधी अख्खा तास जातो. सापडला की सगळ्या वर्गाला दाखवा.

आणि इथंच दरवर्षी कुणीतरी विचारतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं विचारलं ते मला अजून आठवतं: "बाई, तंबाखूनं पेशी दुभंगायची थांबाल्या. मग कॅन्सर तंबाखूनं थांबाय पायजे की!"

हा प्रश्न टाळू नका, यासाठी तास गेला तरी चालेल. पेल्यातलं पाणी जहाल आहे, मूळ त्यात रात्रंदिवस बुडालंय, त्यानं पेशी दबतात आणि मरतात. मेलेली पेशी कॅन्सर करत नाही. तोंडात होतं ते वेगळं. रोज चिमूटभर, वीस-तीस वर्षं. तंबाखूतली नायट्रोसामीन नावाची द्रव्यं शरीरात जाऊन जनुकांच्या मजकुराला चिकटतात. धुरातलं बेन्झोपायरीनही तसंच चिकटतं, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये नेमक्या ज्या ठिकाणी पी-५३ चं अक्षर बदललेलं सापडतं, तिथंच ते चिकटतं हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. पेशी मरत नाही, जखमी मजकूर घेऊन जगते. नक्कल करताना अक्षर चुकतं. एक दिवस चुकलेलं अक्षर पी-५३ च्याच मजकुरात पडतं. तपासणारी मुलगी खाली बसली. कधी ॲक्सिलरेटर अडकतो. कधी मरणाचा निरोप ऐकू येईनासा होतो. असे घाव एकाच पेशीत एकावर एक साठायला वर्षं लागतात. कांद्याचा प्रयोग कॅन्सर दाखवत नाही. तंबाखूचं पाणी गुणसूत्रांपर्यंत पोचतं, एवढंच तो दाखवतो, आणि तेवढंच म्हणा.

त्या मुलाचं अर्धं बोलणं बरोबरही होतं, हे त्याला सांगायला मी विसरले नाही. विभाजन थांबवणारी विषं डॉक्टर औषध म्हणून वापरतात. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन गुणसूत्रं ओढणाऱ्या दोऱ्याच बनू देत नाही, पेशी मध्यावस्थेत अडकते. ते शिरेतून, मोजून, दवाखान्यात देतात. सदाफुलीची पानं घरी चावायची नाहीत, हेही त्याच वाक्यात सांगून टाका, कारण पोरं घरी जाऊन आजीला सांगतात.

मरण दाखवणं

बाजूला ठेवलेला मुळाचा वरचा भाग आता घ्या, टोकापासून जमेल तितका वरचा. आम्लात जरा जास्त वेळ गरम करा आणि तसाच पसरवा. लांबट पेशींच्या मधून स्प्रिंगसारखी वळी असलेल्या नळ्या दिसतील. आत काही नाही, ना केंद्रक, ना लाल ठिपका. ही जलवाहिनी. या पेशी जिवंत होत्या, त्यांनी भिंतीला आतून वळ्यांचा गिलावा केला, आणि मग आतली पोकळी फुटून सुटलेल्या पाचक प्रथिनांनी केंद्रकासकट सगळं विरघळवून टाकलं. हा अपघात नव्हे. त्यांच्या जनुकांत तसंच लिहिलेलं असतं. पावसाळ्यात बांधावर तेरडा असतोच. त्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात तासभर उभी करून आडवा काप घ्या. जिथं जिथं लाल दिसेल तिथं तिथं मेलेल्या पेशींतून पाणी वर चढलंय. मुलं विचारतात, "म्हंजे झाड मेलेल्या पेशींवर जगतंय?" होय, बाळांनो.

दुसरा नमुना भातखाचरात. शेपटीवाली बेडकाची पिल्लं पकडून आणू नका, एकाच डबक्यावर दर दोन दिवसांनी मुलांना न्या. पाय फुटतात आणि शेपूट आखडत जाते. शेपूट तुटून पडत नाही, तिच्यातल्या पेशी मरून शरीरात जिरतात. गंमत अशी की हुकूम एकाच संप्रेरकाचा, थायरॉइडचा. पायाच्या जागी त्याच हुकमानं पेशी दुभंगतात, शेपटीत मरतात, कारण दोन्हीकडं वेगवेगळी जनुकं चालू होतात. आईच्या पोटात आपली बोटंही अशीच सुटी होतात, मधल्या पडद्याच्या पेशी मरून. बदकाच्या पायात त्या मरत नाहीत.

हे मरण जनुकांच्या हाती असतं हे पक्कं कळलं एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यावरून. त्याचं शरीर बनताना १०९० पेशी तयार होतात, त्यांतल्या १३१ ठरल्या वेळी मरतात, ९५९ उरतात. कोणती मरणार तेही ठरलेलं. रॉबर्ट हॉर्विट्झ यांना असे किडे सापडले ज्यांच्यात एक जनुक बिघडल्यामुळं या पेशी मेल्याच नाहीत. आणखी एक जनुक मिळालं जे मरण रोखून धरतं. त्याचाच नातलग माणसात आहे, बीसीएल-२. रक्तातल्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये ते जनुक आपली जागा सोडून भलत्याच गुणसूत्रावर जाऊन बसतं, गरजेपेक्षा जास्त चालतं, आणि मरायला हव्या त्या पेशी मरत नाहीत. सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ चं नोबेल मिळालं.

साधं चिरडून मरणं आणि हे मरणं यांतला फरक सांगायला मी जुन्या वखारीचं उदाहरण देते. पावसात भिंत रात्रीत कोसळली तर आजूबाजूच्या घरांनाही इजा. तीच वखार मालकानं ठरवून उतरवली तर कौलं, वासे, विटा एकेक करून निघतात आणि दुसऱ्या घराला लागतात. पेशी स्वतःचे लहान लहान गठ्ठे बांधते, शेजारच्या पेशी ते खाऊन टाकतात, सूज येत नाही. १९७२ मध्ये याला नाव दिलं ॲपॉप्टॉसिस. मूळ ग्रीक शब्द झाडाची पानं गळण्याचा आहे.

आमची मुलं दहावीनंतर पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, जातात तेव्हा भाषा बदलते, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर मी शब्द तीन रकान्यांत लिहून घेते: मराठी, इंग्रजी, कन्नड. पेशी, सेल, जीवकोश. गुणसूत्र, क्रोमोसोम, वर्णतंतू. जनुक, जीन, वंशवाही. हे पान फाडू देऊ नका.

मागच्या वर्षी सगळं आवरल्यावर एक मुलगी मागं थांबली. "बाई, आजीला तोंडाचा झाला हुता. आई बी मिसरी लावती. मला होणार काय?"

या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, कारण आमच्या भागात तो येतोच. मी तिला सांगितलं की आजीच्या गालाच्या पेशीत जे अक्षर बदललं ते गालातच बदललं. तुझ्या आईला आजीकडून जे मिळालं ते अंड्यातून, आणि गालाची पेशी अंड्यात जात नाही. पी-५३ ची बिघडलेली प्रत जन्मतःच मिळणारी काही घराणी असतात, पण ती फार थोडी, आणि तिथं कॅन्सर कमी वयात, वेगवेगळ्या अवयवांत दिसतात. तुमच्या घरात वारशानं आली ती मिसरीची डबी. आईला सांग, गालात किंवा जिभेवर पांढरा, लाल चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड कमी उघडायला लागलं, तर वाट बघायची नाही, दाखवायचं. डबी सोडली तर तंबाखूनं पडणारे पुढचे घाव थांबतात, कधीही सोडली तरी.

पुढच्या शनिवारी तिची आई शाळेत आली. पदर खोचून मायक्रोस्कोपवर वाकली, बराच वेळ बघत राहिली. दुभंगणाऱ्या पेशी दाखवल्या, मध्ये पूल राहिलेली दाखवली. तिनं मान वर न करताच विचारलं, "ह्यातली मरणारी कुठली, बाई?"

मी काचपट्टी बदलून नळ्यांची लावली.